ठरलेल्या निकालाचे भाकीत

२०१७ सालच्या हिवाळ्यात आमच्या कचेरीत एक वही फिरत असे. कचेरी दिल्लीतली, वही शंभर पानी, आणि तीत लिहावयाचे ते एवढेच, की ९ डिसेंबर रोजी इंदिरा गांधी क्रीडागारात अमेरिकन व्यावसायिक कुस्त्यांचा जो खेळ व्हावयाचा आहे, त्यात कोण जिंकणार. ज्याचे भाकीत चुकेल त्याने बरोबर ठरलेल्यास चहा पाजावा, असा पण होता. तिशीला टेकलेल्या पदवीधर कारकुनाने असल्या वहीत आपले नाव लिहावे की नाही, हा प्रश्न वादाचा आहे. पण आम्ही ते लिहिले होते.

त्या वर्षी ह्या खेळाबद्दल आमच्याकडे विशेष औत्सुक्य होते, त्याला कारणही होते. जिंदर महल हा कॅनडात जन्मलेला, पंजाबी घराण्यातला मल्ल २१ मे २०१७ रोजी शिकागोजवळच्या रोझमाँट येथे रँडी ऑर्टनला हरवून डब्ल्यू.डब्ल्यू.ई. ह्या कंपनीच्या विजेतेपदाचा मानकरी झाला होता. त्यापूर्वी २००७ मध्ये आपल्याकडच्या खलीने अशाच एका पट्ट्यावर नाव कोरले होते. साहजिकच जिंदर कमरेला पट्टा बांधूनच दिल्लीत उतरणार, हे भाकीत वहीच्या पहिल्या पानावर एकमताने नोंदले गेले. ते सर्वात आधी चुकले. खेळाला महिना उरला असताना, ७ नोव्हेंबरला, मँचेस्टरच्या कुस्तीत तो पट्टा ए. जे. स्टाइल्सकडे गेला. मग पान उलटून नवे भाकीत मांडले गेले : दिल्लीत जिंदरची गाठ ट्रिपल एचशी आहे, पट्टा नसला तरी घरच्या मैदानात त्याला जिंकवतीलच.

आमच्या विभागात विदर्भाकडचे एक वडीलधारे गृहस्थ होते. त्यांना सगळे नाना म्हणत. नानांनी जन्मात हा खेळ पाहिला नव्हता. वही त्यांच्यापुढे ठेवली तेव्हा त्यांनी चष्मा सारखा करून एकच प्रश्न विचारला, "काय रे, ह्या दोघांत मालकाच्या घरचा कोण?"

आम्ही म्हणालो, "ट्रिपल एच हा मालकांचा जावई. शिवाय कंपनीत अधिकारीही आहे."

"मग वही कशाला हवी?" असे म्हणून नानांनी जावयाचे नाव लिहिले. त्या रात्री जावईच जिंकला. नंतर दोघांनी मिळून भांगडा केला, लोक खूश होऊन घरी गेले, आणि सोमवारी नानांनी सहा जणांचा चहा घेतला.

ही गोष्ट आम्ही पुष्कळ दिवस गंमत म्हणून सांगत होतो. परंतु तिच्यात एक प्रश्न दडलेला आहे आणि तो पुढे आमच्या फारच जवळ येऊन बसला. जो निकाल अगोदरच ठरलेला आहे, त्याचे भाकीत करणे म्हणजे नेमके काय करणे?

कोल्हापूरच्या खासबाग मैदानात जोड सुटण्याआधी म्हातारी माणसे जे बोलतात ते अनुमान होय. ह्याची मान पाहा, त्याचा दम पाहा, ह्याची पकड सुटत नाही, त्याच्या गुडघ्याला मार आहे. धूर पाहून अग्नी सांगावा तसे अंगकाठी पाहून ते निकाल सांगतात. चुकले तर म्हणतात, "आमचा अंदाज हुकला." लाल मातीला त्यांचे बोलणे ऐकू येत नाही, आणि ते ऐकून ती कोणाला चितपट करीत नाही.

अमेरिकन रिंगणाची गोष्ट निराळी. तिथे निकाल ठरलेला असतो, हे आता गुपित राहिलेले नाही. १९८९ मध्ये ह्या कंपनीने न्यू जर्सी राज्याच्या विधिमंडळापुढे स्वतःच सांगितले, की आमचा धंदा करमणुकीचा आहे, क्रीडास्पर्धेचे नियम आम्हांस लावू नयेत. तेव्हा तिथे भाकीत करणारा दंड आणि मांड्या पाहत नाही. तो पाहतो, की कोणाचा करार संपत आला आहे. खेळ दूरचित्रवाणीवर दाखवणार आहेत की नाही, कारण न दाखवलेल्या खेळात पट्टा सहसा हात बदलीत नाही. मोठ्या खेळाच्या आधीच्या आठवड्यात कोणाला आडवे पाडले, कारण आज आडवा पडलेला उद्या उभा राहण्याचा संभव अधिक. ह्या सवयी मल्लांच्या नव्हेत, निकाल लिहिणाराच्या. थोडक्यात, हे बळाचे अनुमान नसून मर्जीचे अनुमान आहे.

आणि मर्जी म्हटली, की आपण केवळ "काय होईल" एवढे विचारून थांबत नाही. "काय व्हावयास हवे" हेही नकळत त्यात मिसळतो. काव्याचा प्राण औचित्य, असे क्षेमेंद्राने अकराव्या शतकात काश्मिरात बसून सांगितले. ह्या खेळाचा प्रेक्षकही, क्षेमेंद्राचे नाव ऐकलेले नसताना, औचित्यच शोधत असतो. म्हणून त्याचे भाकीत चुकते तेव्हा अंदाज हुकल्याची खंत त्याला होत नाही. आपल्यावर अन्याय झाला, असे वाटते. १८ जानेवारी १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ब्रूनो सामार्टिनो हा साडेसात वर्षांहून अधिक काळ विजेतेपद सांभाळणारा मल्ल आयव्हन कोलॉफकडून हरला. तेव्हा एवढी शांतता पसरली, की आपले कान गेले की काय असे वाटले, असे सामार्टिनोने पुढे सांगितले आहे. पाऊस चुकला म्हणून वेधशाळेवर कोणी रुसत असेल, पण पावसाने आपला विश्वासघात केला असे म्हणत नाही. जिथे निकालामागे मनुष्य असतो तिथेच विश्वास असतो, आणि म्हणून घातही.

मग ह्या सर्वांत नीतीचा प्रश्न कुठे आला? निकाल आधी ठरवणे हाच अधर्म, असे प्रथम वाटते. आपल्याकडे अशा लढतीला नुरा कुस्ती म्हणतात, आणि तो शब्द शिवीसारखा वापरतात. परंतु विचार करता आम्हांस असे दिसले, की अधर्म ठरवण्यात नाही. कीर्तनाला बसलेल्या म्हातारीला रावण मरणार हे ठाऊक असते; म्हणून बुवा तिला फसवीत नाहीत. रिंगणातल्या दोघांना निकाल माहीत असतो, प्रेक्षकांना तो ठरलेला आहे हे माहीत असते. एवढेच काय, वर उचललेला मल्ल आपली मान आणि पाठ दुसऱ्याच्या हाती सोपवतो, ती त्याने संभाळून खाली ठेवावी ह्या भरवशावर. तो भरवसा हाच ह्या खेळाचा धर्म. हरणाऱ्याची अब्रू निकालात नसतेच. आपले काम त्याने कसे केले, ह्यात असते.

अधर्म कुठे सुरू होतो ते ९ नोव्हेंबर १९९७ रोजी माँट्रियल येथे दिसले. ब्रेट हार्ट हा विजेता कंपनी सोडून जाणार होता. आपल्याच देशात, शॉन मायकेल्सपुढे, पट्टा हरावयाचा नाही, असे त्याच्याशी ठरले होते. ऐन कुस्तीत मालक व्हिन्स मॅकमॅहन रिंगणाशी आले, हार्टने हार मानलेली नसताना त्यांनी घंटा वाजवावयास लावली, आणि पट्टा मायकेल्सला गेला. निकाल दुसराच ठरला आहे हे मालकांना ठाऊक, पंचाला ठाऊक, मायकेल्सलाही ठाऊक. ठाऊक नव्हते ते एकट्या हार्टला. त्या दिवशी करमणुकीची कुस्ती खरोखरीची नुरा कुस्ती झाली. जिथे सर्वांना माहीत असते तिथे तो खेळ असतो. जिथे एकालाच माहीत नसते आणि नेमका तोच हरणार असतो, तिथे त्याला दुसरे नाव द्यावे लागते.

आता जे सांगावयाचे ते सांगणे आम्हांस सोपे नाही.

२०१९ मध्ये आमच्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या एका गढवाली सहकाऱ्यावर चौकशी बसली. एक महत्त्वाची फाईल गहाळ झाली होती आणि ती त्याच्या ताब्यात असल्याचे कागदोपत्री दिसत होते. वाचकहो, आपण बहुतेक सगळे कचेरीतलेच; बदलीची यादी लागण्याआधी ती तोंडपाठ म्हणून दाखवणारे आपणांतही असतील. आमच्या विभागातही लगेच भाकिते सुरू झाली. नाना तोवर निवृत्त झाले होते, पण त्यांचा प्रश्न मागे राहिला होता : ह्यात वरच्याच्या जवळचा कोण? उत्तर उघड होते. दोन वेतनवाढी रोखल्या जातील, असे आम्ही चहाच्या पैजेवर सांगितले. दोनच रोखल्या गेल्या. तो चहा आम्ही प्यालो.

त्या अवधीत आमचा सहकारी रोज कागदांचे पुडके घेऊन येत असे. जुन्या पावत्या, तारखा, स्मरणपत्रे तो नीट लावी. चौकशीत काय विचारतील, आपण काय उत्तर देऊ, हे आम्हांला विचारी. आम्ही त्याला धीर देत असू. चौकशी खरी आहे, असे मानणारा त्या दालनात तो एकटाच होता.

ह्याहूनही पुढची गोष्ट अशी, की ती फाईल वरच्या एका टेबलावर गेली होती आणि तिथून परत आली नव्हती. फाइलींच्या ये-जा नोंदवहीत तशी एक ओळ होती. ती नोंदवही आमच्या कपाटात होती, आणि ती ओळ आमच्याच अक्षरात होती. आम्हांला कोणी विचारले नाही, म्हणून आम्ही सांगितले नाही.

आदेश निघाल्यावर एका संध्याकाळी त्याने आम्हांला शांतपणे विचारले, "तुम्हांला ठाऊक होते का?" आम्ही म्हणालो, "अंदाज होता."

आमच्या भाकितविद्येचे सगळे पाप त्या दोन शब्दांत आहे. ठाऊक असणाऱ्याला काही करावे लागते. अंदाज असणाऱ्याला नुसते बरोबर ठरावे लागते. मनुष्यांनी ठरवलेल्या निकालाला आपण पावसाच्या रांगेत बसवतो, आणि तो खरा ठरला म्हणजे स्वतःस शहाणे समजतो. रिंगणाबाहेर तिकीट काढून बसलेल्याला ही मोकळीक आहे. कचेरीत कोणी तिकीट काढून बसलेला नसतो.

आणि मनुष्याची मर्जी म्हणजे नियती नव्हे, ह्याचा दाखलाही आम्ही त्याच खेळात पाहिलेला होता. २६ जानेवारी २०१४ रोजी पिट्सबर्ग येथे बटिस्टाला जिंकवून त्या वर्षीच्या सर्वात मोठ्या कुस्तीत त्याची जागा नक्की करण्यात आली. प्रेक्षकांनी त्याची हुर्यो केली आणि त्या लढतीत नसलेल्या डॅनियल ब्रायनच्या नावाचा घोष लावला. तो घोष पुढे कित्येक आठवडे थांबला नाही. शेवटी ठरलेले बदलले. ६ एप्रिलला न्यू ऑर्लिन्स येथे ब्रायनने आधी ट्रिपल एचला हरवले आणि मग त्याच रात्री ऑर्टन व बटिस्टा ह्यांच्याविरुद्ध पट्टा जिंकला. जावई त्या दिवशी हरला होता. वहीत नानांपुढे आम्ही ही गोष्ट मांडू शकलो असतो. पण त्या वेळी तिचा अर्थ आम्हांस कळलेला नव्हता. त्याच रात्री अंडरटेकर हा ह्या वार्षिक खेळात एकवीस वेळा अजिंक्य राहिलेला मल्ल ब्रॉक लेस्नरकडून हरला, आणि सर्वात पक्के समजले गेलेले भाकीतही कोसळले. एका रात्रीत दोन्ही शिकता आले असते : बरोबर भाकीत हा काही ज्ञानाचा पुरावा नव्हे, आणि ठरलेला निकाल हा काही शेवटचा शब्द नव्हे.

कोणी म्हणेल, एका कारकुनाच्या बोलण्याने काय झाले असते? कदाचित काहीच नाही. पण हेही पुन्हा भाकीतच झाले, आणि पूर्वीइतकेच सोयीचे.

आमच्या सहकाऱ्याने ह्या वर्षी फेरविचाराचा अर्ज केला आहे. नवा पुरावा पुढे आला तर असा अर्ज करता येतो. नोंदवहीतील त्या ओळीची प्रत आणि ती आमच्याच हातची आहे असे लेखी निवेदन, ही दोन्ही आम्ही त्याच्या अर्जाला जोडण्यासाठी दिली आहेत. हे शौर्य नव्हे. सहा वर्षे उशिरा केलेले काम आहे, आणि त्या उशिराचा जाबही आम्हांलाच द्यावा लागेल.

भाकितांची वही अजून फिरते. परवा ती आमच्यापुढे आली तेव्हा येत्या कुस्तीच्या पानावर आम्ही नाव लिहिले. तिच्याच मागच्या पानावर कोणीतरी त्या अर्जाचा निकाल काय लागेल, असा रकाना आखून ठेवला होता. तो आम्ही कोरा सोडला.