बारा बाय नऊ

मृगाचे दोन-चार पाऊस पडून गेलेत असं समजा. जांभ्याची जमीन आता पहारीला थोडी दाद देईल. कोकणातल्या घरामागचं परस. भाजीच्या बागेला कुंपण घालायचंय, पण हातात अजून काही घेऊ नका. नुसते उभे राहा.

मन लगेच पार गडग्यापर्यंत धावेल. धावू द्या. मग त्याला विचारा, पाऊस सरल्यावर विहिरीवरून रोज किती कळशा आणशील? जागा आपोआप आखडते. १२ फूट बाय ९ फूट. पुष्कळ झाली.

चार खुंट्या ठोका, सुतळी ताणा. कर्ण मोजा. तो १५ फूट भरला की कोपरा काटकोनात आला. नाही भरला तर खुंटी जराशी हलवा, पुन्हा मोजा. आता सुतळीच्या बाहेरून एक फेरी मारा, अगदी सावकाश. बाहेर राहिलेल्या जमिनीबद्दल हळहळ वाटतेय? वाटू द्या, पण सुतळी हलवू नका.

मेढी उंदीरमारीच्या, म्हणजे गिरिपुष्पाच्या. मनगटाएवढ्या जाड, सहा फूट लांब, दर तीन फुटांवर एक, अशा १४. मूळचं हे झाड मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचं, पण आपल्या पावसात सहज रुजतं. मेलेल्या लाकडाला वाळवी लागते, ही फांदी मात्र पालवते. तिचा पाला वाफ्यात खत म्हणून घालता येतो. शेंड्याची बाजू वर आहे ना, एवढं पाहा.

खड्डा दीड फूट. पहार खडकावर आपटली की हाताला झिणझिण्या येतात. थांबा, श्वास घ्या, बोटभर बाजूला सरका. मेढ उभी करा आणि माती एकदम लोटू नका. ओंजळभर घाला, पहारीच्या बोथट टोकाने ठोका, पुन्हा ओंजळभर. आधी पोकळ वाजतं. ठोकता ठोकता आवाज भरीव होत जातो. कान तिथेच ठेवा. दुसऱ्या मेढीचा विचार आला तर येऊ द्या, हात पहिलीवरच असू द्या. मेढ हलवून पाहायचा मोह होईल. मुळं धरेपर्यंत तिला हलवू नये.

मग आडव्या कांबी, उभे चिवे, काथ्याच्या गाठी. हे काम हातांना आपोआप जमतं. कोंबड्या आणि गुरं अडतील. वानरं अडणार नाहीत. ती वरून येतात, आणि त्यांच्यावर चिडून कुंपण उंच करत बसण्यात अर्थ नाही.

राहिलं बेडं. दोन मेढींमधली एक जागा मोकळी सोडून आडव्या काठ्या सरकवायच्या. कुठल्या बाजूला? शेजारच्या काकूंना विचारून या. त्यांच्याकडून येणं सोयीचं पडत असेल तर तिकडेच ठेवा. तुम्ही मुंबईला गेलात की पाणी घालायला त्याच येणार आहेत.