न दिसणारा करदाता

आमच्या मुंबई उपनगरातील गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेत गेल्या वर्षी पाण्याचा विषय निघाला. नळाचा दाब कमी झाला होता आणि त्याचे खापर, अपेक्षेप्रमाणे, रेल्वेमार्गालगतच्या वस्तीवर फुटले. "कर आपण भरायचा आणि पाणी त्यांनी फुकट प्यायचे," असे एक वयोवृद्ध सभासद म्हणाले. सभेने माना डोलावल्या, मीही डोलावली. जिना झाडणाऱ्या मावशी खुर्च्या मांडून दाराशी उभ्या होत्या. त्या त्याच वस्तीत राहतात. सभेत त्या काही बोलल्या नाहीत. चहाचे पेले गोळा करताना मात्र मला हळूच म्हणाल्या, "सर, आम्ही हंड्याला पैसे मोजतो. आणि दुकानात आम्हाला टॅक्स माफ असतो का?"

हा प्रश्न मनातून जाईना. शहर चालते ते कोणाच्या पैशावर, आणि त्या शहरावर हक्क कोणाचा, हे दोन्ही प्रश्न त्या एका वाक्यात आले होते.

आपल्याकडील महानगरपालिका दीर्घकाळ मुख्यतः मालावरील करावर जगल्या. ३० जून २०१७ पर्यंत दहिसर, मुलुंड, मानखुर्द येथील नाक्यांवर मालमोटारींच्या रांगा लागत आणि मुंबईची जकात गोळा होई. इतर शहरांत २०१० पासून टप्प्याटप्प्याने जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर आला. एप्रिल २०१३ मध्ये तो पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरांत लागू झाला, तेव्हा व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवली. १ ऑगस्ट २०१५ पासून पन्नास कोटींपेक्षा कमी उलाढालीच्या व्यापाऱ्यांना त्यातून मुक्त करण्यात आले आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कराने जकात व स्थानिक संस्था कर हे दोन्ही आपल्या पोटात घेतले. ह्या सगळ्या वादात दोनच पक्ष बोलत होते: वसूल करणारी महापालिका आणि भरणा करणारा व्यापारी. तिसरा पक्ष, म्हणजे ज्याच्या खिशातून तो पैसा खरोखर जात होता तो गिऱ्हाईक, कोठेच नव्हता. व्यापाऱ्याने कर भरला तो वस्तूच्या किमतीत मिसळून. ज्या मावशींच्या खोलीची महापालिकेच्या दप्तरी घर म्हणून नोंद नव्हती, त्यांनी छपराचा पत्रा विकत घेताना त्याच महापालिकेची तिजोरी भरली होती.

असा कर न्याय्य आहे काय? संत थॉमस अक्वायनस यांनी न्याय्य कायद्याची एक कसोटी सांगितली आहे: त्याने लादलेला भार ज्याच्या त्याच्या प्रमाणात वाटलेला असावा. ह्या कसोटीवर खरेदीवरचा कर सहज उतरत नाही. समजा, शहराने सर्व खरेदीवर दोन टक्के कर बसवला. महिना पंधरा हजारांत भागवणारे कुटुंब सारे पैसे खर्च करते; त्याचे तीनशे रुपये गेले, म्हणजे मिळकतीचे दोन टक्के. दीड लाख मिळवणारे कुटुंब साठ हजारांची खरेदी करते आणि उरलेले शिल्लक टाकते. त्याचे बाराशे गेले, पण ते मिळकतीच्या एक टक्क्याहूनही कमी. आकड्याने श्रीमंताने अधिक दिले, ओझ्याने मात्र गरिबाने.

तरीही दुसरी बाजू तितकीच वजनदार आहे. पोप पायस अकरावे यांनी १९३१ च्या 'क्वाद्राजेसिमो आन्नो' ह्या परिपत्रकात असे तत्त्व मांडले की, लहान समूहाला स्वतः जे करता येते ते मोठ्याने हिरावून घेणे हा अन्याय होय. शहरांच्या बाबतीत आपण नेमके तेच केले. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नागरी संस्थांसाठी अठरा विषयांची सूची घटनेत आली. पुढे २०१६ च्या १०१ व्या दुरुस्तीने स्थानिक क्षेत्रात येणाऱ्या मालावरील कराची नोंदच राज्यसूचीतून गेली. जबाबदारी राहिली, थैली गेली. महाराष्ट्राने महापालिकांना दरवर्षी आठ टक्के वाढीने भरपाई देण्याचा कायदा २०१७ मध्येच केला हे खरे. पण भरपाई ती भरपाईच. जो पैसा मंत्रालयातून येतो, त्याचा जाब नागरिक आपल्या नगरसेवकाला विचारीत नाही. म्हणून शहरांना विक्रीवर स्वतःचा कर बसवू द्यावा किंवा वस्तू व सेवा करात थेट वाटा द्यावा, अशी सूचना अधूनमधून होते, आणि ती मला वाजवी वाटते.

पण मग तिच्यासोबत येणारे नैतिक ऋणही मान्य करायला हवे. कालिदासाने 'रघुवंशा'त दिलीप राजाच्या करवसुलीला सूर्याची उपमा दिली: तो पाणी शोषून घेतो ते सहस्रपटीने परत देण्यासाठी. उपमा सुंदर आहे. मात्र सूर्य सागराइतकेच डबक्यातूनही पाणी घेतो, आणि पाऊस कोठे पडेल हे डबक्याच्या हाती नसते. विक्रीवरचा कर असाच आहे. तो प्रत्येकाला करदाता बनवतो. म्हणून पोटाला लागणाऱ्या वस्तू त्यातून वगळाव्यात, शहराचा वाटा पावतीवर वेगळा छापावा, आणि ज्या गल्लीत अजून नळ नाही तिचा त्या पैशावर पहिला हक्क असावा. ह्या तीन अटींवाचून तो कर म्हणजे दुबळ्याकडून घेऊन सबळाला देणे होईल.

येथे एक सावधगिरी हवी. मावशीही कर भरतात म्हणून त्यांना पाणी मिळावे, एवढ्यावर थांबलो तर आपण सभासदांचाच न्याय उलटा करून वापरला. पाणी हा जीविताच्या हक्काचा भाग आहे, अनधिकृत झोपडीत राहणाऱ्यालाही तो नाकारता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये सांगितले. तहान पावती दाखवून सिद्ध करायची नसते. मावशींच्या प्रश्नाने आपला अहंकार उतरतो; त्यांचा हक्क मात्र त्याहून जुना आहे.

आणि आपल्या अहंकाराला आधार तरी किती? आमच्या इमारतीतील बहुतेक घरे पाचशे चौरस फुटांच्या आतली आहेत. मुंबईत अशा निवासी घरांचा मालमत्ता कर १ जानेवारी २०२२ पासून माफ आहे. "कर आपण भरतो" असे म्हणणाऱ्या सभेतील बहुतेकांनी घरापोटी त्यानंतर तो कर भरलेला नाही. माझे तर त्याहून वाईट. घराच्या दुरुस्तीसाठी लाद्या घेताना दुकानदाराने विचारले, "बिल हवे की कमी लावू?" मी कमी लावून घेतले. न्याय्य कर क्लृप्त्या लढवून चुकवणाऱ्यांचा व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये 'गावदियुम एत स्पेस' ह्या दस्तऐवजात स्पष्ट निषेध केला आहे. तो मी वाचला होता. दुकानात तो आठवला नाही. मावशींना अशी निवड कधीच मिळत नाही. साबणाच्या वडीवर कर आधीच छापील किमतीत असतो.

पुढच्या सभेत पाण्याचा विषय पुन्हा निघेल. त्या दिवशी मान डोलावण्याऐवजी मला उभे राहून लाद्यांचा हा हिशेब सांगायचा आहे. मावशी तेव्हाही दाराशी उभ्या असतील. त्यांना आत बोलावून एक खुर्ची देता आली, तर चर्चेला खरी सुरुवात होईल.