भरल्या पाण्याची ओटी

घोड नदीवरचं चिंचणीचं धरण भरलं की शिरूर तालुक्यात जलपूजन होतं. हळदकुंकू, खण, नारळ. पाण्यात सोडलेली साडी क्षणभर तरंगते, मग भिजून जड होते आणि खाली जाते. माणसानेच भिंत घालून अडवलेल्या पाण्याचे आभार कसले, हा आक्षेप वरवरचा नाही. पण भिंत आपली असली तरी पाऊस आपला नाही. शिवाय आपल्याकडे कृतज्ञता ही नुसती भावना नाही, ते ऋण आहे. देव, ऋषी, पितर यांचं देणं घेऊनच माणूस जन्माला येतो. गीतेचा तिसरा अध्याय तर परत न देता भोगणाऱ्याला चोरच म्हणतो. मग धरणाच्या पाण्यापायी आपण कोणाचे देणेकरी?

घोड पुढे भीमेला मिळते, आणि दौंडच्या खालच्या अंगाला, त्याच भीमेवर, १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झालं. त्याच्या फुगवट्याकाठी भिगवणला हिवाळ्यात रोहित पक्षी बघायला लोक सहलीला येतात, चिलापी माशांवर ताव मारतात. त्याच पाण्याखाली गावं आहेत; पाणी ओसरलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं. सणात हे कशाला उगाळायचं, असं कुणी म्हणेल. पण अमेरिकेत थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे आभार मानण्याच्या सणाच्याच दिवशी प्लिमथला मूलनिवासी १९७० पासून शोक पाळतात; ज्यांचं गेलं, त्यांनाच तो सण विसरतो म्हणून. देणाऱ्याचं नाव वगळून मानलेले आभार अपुरेच राहतात. म्हणून ओटी जरूर भरावी, पण नारळ फोडण्याआधी बुडालेल्या गावांची नावं मोठ्याने घ्यावीत.