पुरावा कोणी द्यायचा?

डिसेंबर १९३६ मध्ये पूर्व खानदेशातल्या फैजपूरला काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले आणि प्रौढ मतदानाने निवडलेल्या घटनासमितीची मागणी तिथे मांडली गेली. काही आठवड्यांतच प्रांतिक निवडणुका झाल्या. मत मात्र शेतसारा, कर किंवा शिक्षणाची अट पुरी करणाऱ्यांनाच होते. ब्रिटिश मुलखातल्या लोकसंख्येचा जेमतेम सातवा हिस्सा यादीत होता. याच जिल्ह्यातल्या अमळनेरच्या शिवारात राबणारा सालदार बहुधा बाहेरच राहिला. आपण मताला पात्र आहोत हे सरकारला पटवून देणे ही प्रजेची जबाबदारी, असा तेव्हाचा कायदा होता. संविधानाच्या प्रौढ मताधिकार देणाऱ्या कलम ३२६ने ही जबाबदारी फिरवली. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी सरकारी माणूस दारोदार गेला आणि १७ कोटींहून अधिक नावे यादीत आली. यात उणिवाही होत्या. ‘अमक्याची बायको’ यापलीकडे स्वतःचे नाव न सांगणाऱ्या सुमारे २८ लाख स्त्रिया, मुख्यतः उत्तर भारतातल्या, सुकुमार सेन यांच्या निवडणूक आयोगाने यादीतून वगळल्या. तरी मतदाराला शोधत शासनाने जायचे, ही दिशा पक्की झाली.

ओळखपत्र आले ते बरेच नंतर. १९९३ मध्ये मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांनी छायाचित्र ओळखपत्राचा आदेश काढला, तेव्हा ते मतदारांना देण्याचे काम राज्य सरकारांवर टाकले, हे मला त्या आदेशाचे मर्म वाटते. आज मतदार कार्ड नसेल तर आधार, रोजगार हमीचे जॉबकार्ड, फोटो असलेले बँकेचे पासबुक अशी कागदपत्रे चालतात. मतदान केंद्रात कोणाच्या ओळखीवर शंका असेल तर उमेदवाराच्या मतदान प्रतिनिधीने २ रुपये अनामत भरून आक्षेप घ्यायचा आणि तो सिद्धही करून दाखवायचा. रक्कम किरकोळ आहे, पण पुराव्याचे ओझे शंका घेणाऱ्यावर ठेवणारा तो नियम मोलाचा आहे. १९९५ मध्ये मुंबई आणि दिल्लीतल्या मतदारांच्या खटल्यात (लालबाबू हुसेन) सर्वोच्च न्यायालयाने हेच सूत्र यादीलाही लावले: जुन्या यादीत ज्याचे नाव आहे, त्याची नोंद रीतसर झाली असे धरून चालावे. २०२५ मध्ये बिहारच्या मतदार यादीच्या विशेष पुनरीक्षणात मात्र लोकांकडूनच कागद मागितले गेले आणि प्रारूप यादीतून सुमारे ६५ लाख नावे गळाली. ही नावे कारणांसह जाहीर करा, असे न्यायालयाला सांगावे लागले.

यावर आक्षेप असा की मयतांची आणि दुबार नावे राहिली तर बोगस मतदान होईल, आणि खऱ्या मतदाराचेच मत बुडेल. आक्षेप खरा आहे. दोन ठिकाणी नाव ठेवायला कायद्याने मनाईच आहे आणि यादी साफ व्हायलाच हवी. पण मयताचे नाव मृत्युनोंदीवरून काढता येते, त्यासाठी जिवंत माणसाकडून कागद मागण्याची गरज नाही. तोतया मतदाराला अडवायला बोटाची शाई आणि गावातले चेहरे ओळखणारे प्रतिनिधी आहेतच. उलट कागदाची अट कोणाला अडवते ते इंग्लंडमध्ये दिसले. मे २०२३ च्या स्थानिक निवडणुकांत तिथे फोटो ओळखपत्र प्रथमच सक्तीचे झाले आणि केंद्रापर्यंत आलेले किमान १४ हजार लोक मत न देताच परतले.

अमळनेर तालुक्यात हा प्रश्न ताप्ती मार्गावरच्या गाड्यांशी जोडलेला आहे. सुरतेच्या लूमवर आणि कारखान्यांत खानदेशातली असंख्य माणसे राबतात. तिकडे भाड्याच्या खोलीचा करारनामा क्वचितच हातात असतो. इकडे चौकशीच्या दिवशी घराला कुलूप असते. कायद्याने तात्पुरते बाहेर गेल्याने वास्तव्य तुटत नाही, तरी ‘स्थलांतरित’ असा शेरा पडायला एक फेरी पुरते. नाव काढण्याआधी नोटीस द्यावी लागते खरी, पण ती बंद दाराला चिकटवून सुनावणी झाली असे मानता येणार नाही. म्हणून या भागातली घरोघरची पडताळणी आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास व्हावी, कारण तेव्हा गेलेली माणसे गावी येतात. आणि ज्यांची नावे कमी करायची, त्यांची यादी कारणांसह ग्रामसभेत मोठ्याने वाचली जावी.