परतफेड होणार नाही अशी यादी

आजचा शास्त्रभाग: लूक १४:१-१४



नाताळ दोन आठवड्यांवर आला. कुहीच्या घरी परवा तारा लावला, आईने करंज्यांसाठी खोबरं किसायला घेतलंय, आणि मी नेहमीप्रमाणे लॅपटॉप उघडून पाहुण्यांची यादी काढली. मागच्या वर्षीची शीट समोर आली आणि तिच्यातला एक कॉलम बघून मला लाज वाटली. आजचं मनन त्या कॉलमबद्दल आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. मी नोकरीला नागपुरात, घर कुहीला. नाताळाची उपासना नागपूरला करून आम्ही घरी येतो आणि संध्याकाळी अंगणात जेवण ठेवतो. मागच्या वर्षी आपण घर रंगवलं, पगारही वाढला होता, म्हणून ठरवलं की यंदा मोठं करायचं. बिछायत केंद्रातून पन्नास खुर्च्या, सतरंज्या, दोन मोठे गंज. एक आचारी. मटण आणि त्याच्या बाजूला वेगळ्या चुलीवर पाटोडी-रस्सा आणि वडाभात, कारण शेजारपाजारचे बरेच जण मांसाहार करत नाहीत आणि काहींना मटणाचा डाव पाटोडीत गेलेला चालत नाही. (हा डावाचा प्रश्न मला ऑफिसातल्या कुठल्याही डिझाइन मीटिंगपेक्षा अवघड गेला.) शेजारचं एक बौद्ध कुटुंब उशिरा येणार होतं. २५ डिसेंबर १९२७ ला बाबासाहेबांनी महाडला मनुस्मृती जाळली, त्याचा कार्यक्रम त्यांच्याकडे त्याच दिवशी असतो. म्हणून पंगत आठपर्यंत लांबवली.

आता यादी. लग्नाकार्यात आपल्याकडे आहेराची वही असते, तुम्हाला माहीत आहेच. कोणी किती दिले ते लिहून ठेवायचं आणि त्यांच्या घरी कार्य निघालं की वही उघडून तेवढंच, किंवा अकरा रुपये जास्त, परत करायचं. माझ्या वडिलांची वही अजून कपाटात आहे. माझी शीट म्हणजे त्याच वहीची पुढची आवृत्ती होती: नाव, किती जण, व्हेज की नॉनव्हेज, त्यांच्याकडे आपण कधी गेलो होतो.

त्याच आठवड्यात मी लूकचा चौदावा अध्याय वाचत होतो. प्रभू येशू आपल्या यजमानाला सांगतो की जेवण देशील तेव्हा मित्र, भाऊबंद, श्रीमंत शेजारी यांना बोलावू नकोस, ते तुला उलट बोलावतील आणि हिशेब तिथेच मिटेल. जे फेडू शकत नाहीत त्यांना बोलाव. हे वचन मला अगदी बाणासारखं लागलं. मग मी काय केलं? शीटमध्ये एक नवा कॉलम टाकला. ‘परतफेड शक्य: हो / नाही’. आणि ‘नाही’वर फिल्टर मारला.

हसू नका. मी खरोखर प्रार्थना करून ते केलं होतं. ऑफिसचे मित्र गळले, नागपूरचे दोन काका गळले. ‘नाही’मध्ये जी नावं उरली त्यात आमच्या मागच्या गल्लीतल्या एक मावशी होत्या.

कुही-मांढळ हा मिरचीचा पट्टा. हंगामात इथे मिरचीचे सातरे लागतात. लाल मिरच्यांचे ढीग घालून बायका दिवसभर बसतात आणि देठ खुडतात, मजुरी किलोवर. मावशी त्या कामाला जातात. संध्याकाळी हात इतके जळतात की लेकराच्या तोंडाला हात लावता येत नाही, असं त्याच एकदा आईला सांगत होत्या. त्यांचं मूळ गाव गोसेखुर्दच्या पाण्यात गेलं. त्या धरणाची पायाभरणी १९८८ ची. पाणी चढलं ते पुष्कळ नंतर, पण चढलं तेव्हा आमच्या तालुक्यातली गावंच्या गावं उठली. आंभोऱ्याला नवा पूल बघायला आपण जातो आणि ते अफाट पाणी बघून फोटो काढतो, त्याच पाण्याखाली कुणाकुणाचं अंगण आहे.

नाताळाच्या संध्याकाळी मावशी सुनेला आणि नातवाला घेऊन आल्या. हातात कापडी पिशवी. आत एक-दीड किलो सुकी मिरची, निवडलेली, एकही देठ नाही.

“हे कशाला जी मावशी? फक्त जेवायला या म्हटलं होतं ना.”

“रिकाम्या हातानं कसं येऊ बाबू?”

“नाही नाही, हे परत घेऊन जा. तुमच्याकडून काही घ्यायचं नाही असंच ठरवलंय आम्ही.”

हे वाक्य मी प्रेमाने बोललो. डोक्यात वचन होतं. मावशींनी पिशवी मागे घेतली, पदराखाली धरली आणि खुर्च्या रिकाम्या असताना कडेला सतरंजीवर बसल्या. आई आतून बघत होती. ती आली, म्हणाली, “आण वो बाई इकडं, माझा मसाला संपतच आला होता,” आणि पिशवी घेऊन आत गेली. दोन मिनिटांनी मावशीही तिच्या मागे स्वयंपाकघरात. नंतर दोघी हसत होत्या.

रात्री भांडी आवरताना आई एवढंच म्हणाली, “तिच्या गावी पोळ्याला तीस-तीस माणसं जेवायची तिच्या घरी. तुला माहीत होतं का?”

मला माहीत नव्हतं. माझ्या शीटमध्ये तसा कॉलम नव्हता.

त्यानंतर मी हा अध्याय पुन्हा पहिल्या वचनापासून वाचला, आणि इतकी वर्षं नजरेतून सुटलेली गोष्ट दिसली. प्रभू हे सगळं बोलतो ते कुठे? एका परूश्याच्या घरी, शब्बाथ दिवशी, जेवायला बसलेला असताना. तो स्वतः तिथे पाहुणा आहे. लूकचं शुभवर्तमान या नजरेने चाळा: लेवीच्या घरी पाहुणा, शिमोनाच्या घरी पाहुणा, मार्थेच्या घरी पाहुणा, जक्कयाच्या घरी तर न बोलावता पाहुणा. आठव्या अध्यायात काही स्त्रिया आपल्या पैशाअडक्याने त्याची सेवा करतात आणि तो ती घेतो. कुठेही तो म्हणत नाही की तुमच्याकडून काही घ्यायचं नाही असं मी ठरवलंय. आणि मुळात नाताळ म्हणजे तरी काय? उतारशाळेत जागा न मिळालेलं, दुसऱ्याच्या गव्हाणीत निजवलेलं बाळ. ते काही यजमान म्हणून आलं नाही.

मी मात्र यजमानाची खुर्ची सोडायलाच तयार नव्हतो. वचन होतं माझ्या हिशेबीपणाबद्दल, आणि मी ते मावशींच्या हातांवर लावलं. प्रभूने मला परतफेडीची आशा धरू नकोस म्हटलं होतं. तिला देऊ देऊ नकोस असं म्हटलं नव्हतं. ‘परतफेड शक्य: नाही’ असं मी तिच्या नावापुढे लिहिलं तेव्हा तिची गरिबी मी कायमची करून टाकली, निदान माझ्या अंगणापुरती.

पण इथे मला सरळ उत्तर सापडत नाही, हेही सांगतो. माझ्या एका मित्राने विचारलं, “दिवसाची मजुरी जिच्यासाठी मोठी गोष्ट आहे तिला तू बोलावून खर्चात पाडलंस, मग ते चांगलं कसं?” बरोबर आहे. आपल्याकडे आमंत्रण हेच एक कर्ज असतं. कदाचित प्रभूला हेही ठाऊक होतं, म्हणूनच त्याने ती साखळी तोडायला सांगितली. आणि उलट बाजूने, ‘गरिबाचंही घ्यावं’ असं म्हणत म्हणत मी पुन्हा जुन्या यादीवर, काका आणि ऑफिसवर, सहज घसरू शकतो. तेव्हा यादी बदलायची नाही, एवढं मी नक्की केलंय.

रेव्हरंड टिळकांनी १९१७ मध्ये साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. त्यांच्यावर तेव्हा टीकाही झाली असेल, पण मला त्यातला ‘दरबार देवाचा’ हा शब्द आवडतो. दरबार टिळकांचा नाही. तसं अंगण माझं नाही असं धरलं, तर दारात आलेली पिशवी परत करणारा मी कोण?

तर यंदाची शीट. तो कॉलम काढून टाकला. वडिलांच्या वहीत होता तसा ‘कधी गेलो होतो’ हा कॉलमही काढला. नावं, माणसं, आणि पाटोडीचा डाव वेगळा ठेवायची आठवण, एवढंच उरलंय.

गेल्या आठवड्यात बाजारात मावशी भेटल्या. मी नाताळाचं बोलावणं केलं. त्या म्हणाल्या, “येऊ ना जी. पण त्याच्या आधी तुम्ही या आमच्याकडे. आईला घेऊन या, लेकरांना घेऊन या.” मग थोडं थांबून, हळू आवाजात: “आमच्या इथलं चालते ना तुम्हाला?”

रविवारी दुपारी जातोय. बायको कालपासून विचारते आहे, हातात काय न्यायचं. अजून काही ठरलेलं नाही.