विद्येसाठी ऋण काढावे काय?

बारावीचा निकाल लागला की अंबरनाथ-बदलापूरकडे कीर्तन आटोपल्यावर एक प्रश्न हटकून येतो. “महाराज, पोराला एका कॉलेजात सगळी फी माफ होतेय. दुसरीकडे मोठ्या नावाच्या विद्यापीठात जागा आहे, पण त्यापायी घर गहाण टाकावं लागेल. काय करावं?” सज्जनहो, प्रश्न पैशाचा दिसतो, आहे विवेकाचा.

कठोपनिषदात यमधर्म नचिकेत्यास श्रेय आणि प्रेय असे दोन मार्ग सांगतो. कोणी म्हणेल, फुकटचे ते प्रेय आणि कष्टाचे ते श्रेय. तसे नव्हे. पुष्कळदा मोठे नावच प्रेय असते. चारचौघांत सांगायला बरे वाटते. आणि त्या लौकिकाचे व्याज बाप लोकलला लोंबकळून फेडीत राहतो. उल्हासनगरचेच पाहा. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत निर्वासित सिंधी बांधव आले, त्याचे हे शहर झाले. तेथे १९६० च्या दशकात चांदीबाई कॉलेज उभे राहिले. घरची भाकरी खाऊन तेथे शिकलेल्याची विद्या काय हलकी झाली?

मग ऋण कधीच काढू नये काय? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र पाहा. १९१३ साली सयाजीराव महाराजांनी त्यांस अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांकरिता दिली. तीही अगदी फुकट नव्हती. परतल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. पुढे मुदत संपल्याने १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना यावे लागले. त्यांनी सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसा साठविला. शाहू महाराजांनी दीड हजार रुपये दिले, मित्र नवल भथेना यांजकडून पाच हजार उसने घेतले आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ साली डी.एस्सी. झाले.

ह्यातला क्रम ध्यानी घ्यावा. शिष्यवृत्ती मिळाली तोवर ती घेतली. ऋण काढले ते अपुऱ्या राहिलेल्या विद्येसाठी, आणि तेही आधी स्वतःची पुंजी जमवून.

येथे भाविक शंका घेतात, “पांडुरंग बघून घेईल की! तुकोबांनी नाही का खते इंद्रायणीत बुडविली?” बाबांनो, परंपरा सांगते ती खते लोकांकडून येणे असलेली होती. आपले येणे सोडले, त्याला वैराग्य म्हणतात. आपले देणे देवावर टाकणे हे वैराग्य नव्हे.

आता सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये पीएम-विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली आहे. नामांकित संस्थांत प्रवेश मिळाल्यास तारणावाचून कर्ज मिळते. आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्नाच्या घरांना अटींनुसार दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात तीन टक्के सवलत असते. घर गहाण टाकण्याआधी ही चौकशी करावी. मात्र सवलत व्याजात आहे. मुद्दल फेडावेच लागते.

म्हणून मुलाला समोर बसवून कर्जाचा आकडा सांगा, हप्ता सांगा. मग विचारा, “तिथं असं काय शिकायला मिळेल, जे फी माफ होते तिथं मिळणार नाही?” त्याला नेमके सांगता आले आणि हप्ता आपण फेडीन असे तो समजून म्हणाला, तर ऋण काढण्यात अधर्म नाही. नुसते नाव सांगितले, तर शिष्यवृत्ती घ्यावी. वारकरी पडशी भरतो ती खांद्याला पेलेल एवढीच. वाट लांबची असते.