दवाखान्यातून सुट्टी झाल्यावर

नांदेडच्या विष्णुपुरीत डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय रुग्णालय आहे, लातुरात विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. किनवट, मुखेड, देगलूर, उदगीर, निलंगा अशा तालुक्यांतून अत्यवस्थ रुग्ण इथे येतात. त्यांत काहीजण स्वतःचा जीव द्यायला निघालेले असतात. निवासी डॉक्टर आणि सिस्टर रात्रभर झुंजतात, अनेकांना परत आणतात. काही दिवसांनी सुट्टी होते. कार्डावर गोळ्या असतात, पुन्हा दाखवायची तारीख असते. माणूस ज्या दुःखापायी इथे पोचला, त्याबद्दल मात्र बहुधा एक ओळही नसते.

घरी काय होतं हे आपण जाणतो. आई लेकराकडून गळ्याची आण घेते, "पुन्हा असं करू नको." कर्ता माणूस बजावतो, "झालं ते झालं, आता कुणी नाव काढायचं नाही." सोयऱ्याधायऱ्यांना पोटदुखीचं कारण सांगितलं जातं. यात माया असते, आणि अब्रूची भीतीही. पण आण घातल्याने जीव वाचत नाही. तो विचार पुन्हा मनात आला की आण मोडल्याची लाज वाटते आणि माणूस अधिकच गप्प होतो. सुट्टीनंतरचे पहिले काही आठवडे आणि महिने सर्वांत धोक्याचे असतात, आणि नेमक्या त्याच काळात आपण त्याचं तोंड बंद करतो. हा अन्याय आहे, आणि तो मायेपोटी होतो म्हणून कमी ठरत नाही.

यावर उपाय आहे, आणि तो महागही नाही. सुट्टीआधी डॉक्टर, समुपदेशक किंवा प्रशिक्षित सिस्टरने रुग्णाजवळ बसून त्याच्याच शब्दांत सुरक्षेचा आराखडा लिहायचा. मन कधी काळवंडतं, आधी काय जाणवतं? त्या वेळी स्वतःला कशात गुंतवता येतं? कुणाकडे, कुठे जाऊन बसलं की बरं वाटतं? मनातलं कुणाला सांगता येईल? ते कुणी भेटलंच नाही तर कोणत्या डॉक्टरला, कोणत्या क्रमांकावर फोन करायचा? आणि जिवाला धोका होईल असं घरात काय आहे, ते कोण हलवणार? लिहिता-वाचता येत नसेल तर हेच मोबाइलवर त्याच्या आवाजात ठेवावं. अमेरिकेत स्टॅनली आणि ब्राउन या संशोधकांनी ही पद्धत घडवली. तिथल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत तातडीच्या विभागातून घरी जाणाऱ्यांना असा आराखडा मिळाला आणि नंतर फोनवर विचारपूस झाली, तेव्हा पुढच्या सहा महिन्यांत आत्मघाती वर्तन सुमारे ४५ टक्क्यांनी कमी दिसलं. हा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला.

आपल्या जवळचा पुरावाही आहे. जागतिक आरोग्य संघटनेने चेन्नईसह पाच ठिकाणी आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या १,८६७ जणांवर अभ्यास केला, तो २००८ मध्ये छापून आला. निम्म्या लोकांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांशी सुट्टीच्या सुमारास तासभर बोलणं झालं आणि पुढच्या दीड वर्षात नऊ वेळा फोनवर किंवा घरी जाऊन विचारपूस झाली. नेहमीच्या उपचारांच्या गटात आत्महत्येने २.२ टक्के लोक गेले, विचारपूस झालेल्या गटात ०.२ टक्के. आत्महत्येबद्दल विचारलं तर डोक्यात नसलेलं भरेल, अशी भीती अजून अनेकांना वाटते. ती खोटी आहे.

आराखड्यातला शेवटचा प्रश्न आपल्याकडे सर्वांत अवघड. सोयाबीन, कापूस, तूर करणाऱ्या घरात फवारणीचं औषध असतंच. कुलूपबंद पेटीत ठेवलं की झालं, असं वाटतं. श्रीलंकेत खेड्यापाड्यांत अशा पेट्या वाटून मोठा अभ्यास झाला, २०१७ मध्ये निष्कर्ष आला: फरक पडला नाही. अतिविषारी औषधांवर बंदी आली, तेव्हा मात्र तिथल्या आत्महत्या खूप घटल्या. म्हणून अशा रुग्णाच्या घरात तरी औषध आणूच नये. लागेल तेव्हा लागेल तेवढंच, तेही भावकीतल्या जबाबदार माणसाकडे.

सासरी त्रास सोसणाऱ्या बाईचा आराखडा वेगळा हवा. तिच्या दुःखाचं मूळ ज्या घरात आहे, त्याच घरातल्यांची नावं मदतीच्या यादीत लिहून भागत नाही. तिच्याशी एकटीशी बोलावं लागेल. फोन तिच्या हातात असतो का, हेही विचारावं लागेल. लातुरात शिकवणीसाठी खोली करून राहणाऱ्या मुलाच्या यादीत आईवडिलांइतकाच रूमपार्टनर महत्त्वाचा.

आणि असा आराखडा, अशी विचारपूस हे उपकार नव्हेत. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं मानलं जातं, आणि पुन्हा तसं घडू नये म्हणून उपचार व पुनर्वसन देणं सरकारचं कर्तव्य ठरतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत अशा प्रयत्नाला शिक्षा सांगणारं जुनं कलम ३०९ उरलेलंच नाही. तरी 'एमएलसी', म्हणजे पोलिसांना कळवायची वैद्यकीय नोंद, हा शब्द ऐकला की नातेवाईक हादरतात, "चुकून झालं" म्हणतात, आणि मानसोपचार विभागापर्यंत रुग्ण पोचतच नाही. नोंद म्हणजे शिक्षा नव्हे, हे त्यांना तिथेच, कॉटजवळ सांगायला हवं.

माणसं आणि यंत्रणा तयार आहेत. राज्याने २०१५ मध्ये प्रेरणा प्रकल्प सुरू केला, तेव्हापासून आशाताई दारोदार जाऊन मनाची विचारपूस करतात. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस मराठीतून उत्तर देतो, पैसे लागत नाहीत. आता दोन्ही रुग्णालयांच्या डिस्चार्ज कार्डावर आराखड्यासाठी जागा हवी. रुग्णाच्या संमतीने गावच्या आशाताईला पहिल्या आठवड्यातच निरोप जावा, तिला त्या भेटीचं मानधन मिळावं, आणि कुणी कितीदा विचारपूस केली याचा हिशेब जिल्हा शल्यचिकित्सकांनी दर महिन्याला मागावा.